दर्या कुठल्या बाजूला

फुजैलच्या कामाच्या जागी आगपेटी न्यायची नाही, हा नियम मला पाठ होता. तरीही त्या शुक्रवारी सकाळी डब्यांच्या पिशवीत, लोणच्याच्या बाटलीशेजारी, स्वयंपाकघरातला लायटर मीच टाकला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कीव करत बसणार नाही.

फुजैल माझा नवरा. दोह्याच्या उत्तरेला, अल खोरच्या अलीकडे, बू सालेम नावाच्या कतरी गृहस्थांची जुनी बाग आहे आणि त्या बागेत त्यांच्या आजोबांनी बांधलेलं शंभर वर्षांचं घर आहे. जाड दगडमातीच्या भिंती, वर खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर आणि पुढे तशीच शाकारलेली पडवी. फाटकावरची पाटी त्याला हेरिटेज कॉटेज म्हणते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, हे तर आमच्या गावचं बैलांचं बेडं, नुसता गोठा! फुजैलला ते अजिबात आवडलं नाही. थंडी सरता सरता बाग फुलली की शाळांच्या सहली येतात, गोरे पाहुणे येतात, पडवीत बसून फोटो काढतात. फुजैल तिथला राखणदार, माळी, सुपरवायझर, जे म्हणाल ते.

ही नोकरी त्याला आधीची कंपनी बंद पडल्यावर, चार महिने घरी बसून काढल्यावर मिळाली होती. करार एका वर्षाचा, मार्चअखेरपर्यंत. बू सालेम म्हणाले होते, "रमजान लागायच्या आत आईला घेऊन येतो. ती त्या घरात जन्मली. तिला सगळं जसंच्या तसं दिसलं, तर पुढची दोन वर्षं तूच." आणि नाही दिसलं तर? तर दोह्याच्या नजमा भागातली आमची खोली सोडायची, आमच्या मुलीचं, हनियाचं नाव शाळेतून काढायचं आणि तिघांनी गावी जायचं. आमचं सगळं त्या झावळ्यांवर टांगलेलं होतं म्हणा ना.

म्हणून फुजैल दोन महिने स्वतःला आणि आम्हालाही ताणून धरत होता. घरात चपला कुठे काढायच्या तेसुद्धा तो मला सुपरवायझरच्या आवाजात सांगायला लागला होता. माझं डोकं फिरायचं.

त्यात अब्बा आलेले. माझे सासरे, रहमान. श्रीवर्धनजवळच्या खेड्यात आयुष्यभर भातशेती केलेला माणूस. सासूबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. रमजान आणि ईद तरी एकट्याने काढायला नको, म्हणून फुजैलने त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं होतं. पण नजमाच्या खोलीत करायचं काय? खिडकीतून समोरच्या कॅफेटेरियाची पाटी दिसते, तेवढीच. शेवटी फुजैल त्यांना रोज बागेत नेऊ लागला आणि अब्बांच्या अंगात जीव आला. खजुराच्या झाडांवर चढून नराचा मोहोर मादीच्या मोहोरात बांधायचा असतो, ते काम ते बघून बघून शिकले. घराच्या एका अंगाला, तीसेक पावलांवर, दोन खाटांएवढा वाफा त्यांनी स्वतःसाठी खणला. गावाहून रुमालाच्या गाठीत आणलेलं लाल भाताचं बी होतं, सासूबाईंनी राखलेलं. मृगात फुजैलने ते तिथे पेरायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण त्याआधी राब भाजायला हवा. आमच्या कोकणात भाताच्या रोपांचा वाफा तसाच पेरत नाहीत. त्यावर शेण, फांद्या, पाला, गवत असे थर रचतात, वर माती पसरतात आणि ते सगळं सावकाश भाजून काढतात. त्याशिवाय वाफा कच्चा. अब्बांनी महिनाभर शेळ्यांच्या लेंड्या, कडुनिंबाचा पाला, वाळक्या झावळ्या जमवल्या होत्या. फुजैलने एका वाक्यात निकाल लावला. "इथं आग नाही म्हणजे नाही, अब्बा."

त्यानंतर अब्बा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला फुजैलचा इतका राग आला की विचारू नका. दोन खाटांएवढा राब, त्यानं काय मोठं होणार होतं? माझ्या हर्णैच्या माहेरी घरामागेच राब भाजायचे आणि आम्ही पोरं त्यात काजू टाकून खायचो.

गुरुवारी संध्याकाळी मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. अब्बा दारात उभे राहिले. "समीना, तुझ्याकडं लायटर हाय ना?"

"हाय. उद्या पिशवीत टाकते. त्यांना कळू देऊ नका."

अब्बा हसले. मग म्हणाले, "तिथं दर्या कंच्या बाजूला?"

"मावळतीला," मी तव्यावरून नजर न काढता म्हटलं. "आणखी कुठं असणार?"

"तेच म्हणतो मी. दुपारी दर्याचा वारा सुटतो, तो बगून आग लावाया हवी. वाफा घराच्या उगवतीला हाय. म्हणजे वारा घरावरनं राबाकडं येणार. घराला काय भ्या नाय." आणि ते समाधानाने गादीवर जाऊन बसले.

शुक्रवारी आठ वाजताच आम्ही बागेत पोचलो. फेब्रुवारीचा शेवटचा पंधरवडा, रमजान आठवड्यावर. आदल्या महिन्यातल्या दोन पावसांनी बाहेरचा माळसुद्धा पोपटी झाला होता. बागेत लिंबं मोहरली होती, बोरीखाली होले घुमत होते, पडवीपुढे पेटुनियाचे ताटवे फुलले होते. फुजैलने आत गालिचे अंथरले, कहव्याची पितळी किटली, दल्ला म्हणतात ती, घासली, पडवीत म्हातारीसाठी उशा लावल्या. पाहुणे दुपारच्या असरच्या नमाजानंतर येणार होते. तो तीनदा बाहेर आला आणि तीनदा छपराकडे बघून आत गेला.

दहा वाजता तो कहवा आणि खजूर आणायला गाडी घेऊन गेला. गाडीची धूळ बसते न बसते तोच अब्बांनी माझ्यापुढे हात केला. मी लायटर दिला.

त्यांनी राब फार नेटकेपणाने पेटवला. आधी पाला तोंडाशी धरला, धग आत गेल्यावर वरून माती सारखी केली. ज्वाळा दिसतच नव्हती. नुसता पातळ पांढरा धूर, तोही घराकडे पाठ करून उगवतीच्या रिकाम्या माळाकडे चाललेला. अब्बांनी ओलं बोट वर धरून पाहिलं. "दर्याचा वारा आज लवकर सुटला. आता ह्यो दिवस बुडून मगरिब होईपर्यंत असाच ऱ्हाणार." त्या वासाने माझे डोळे भरून आले. चौदा वर्षांत तो वास मी घेतला नव्हता.

सव्वाअकराला फुजैलने फाटकातूनच हॉर्न वाजवला. जुम्म्याच्या नमाजाला उशीर होत होता. कहव्याचे थर्मास त्याने फाटकाशी ठेवले. धूर दुसऱ्या बाजूला जात होता, म्हणून त्याला वास लागला नाही आणि झाडांआड तो दिसलाही नाही. अब्बा टोपी सारखी करत निघाले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "तासाभरात बसंल तो. तू नुसती नजर ठेव."

आता बागेत मी आणि हनिया दोघीच. हनिया दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. शाळेच्या प्रोजेक्टसाठी ती पडवीच्या पायरीवर बसून घराचं चित्र काढत होती. घर, खजुराची झाडं, विहीर आणि कोपऱ्यात दिशा दाखवणारा बाण. मी शेजारी बसून काकडी चिरत होते. तिने निळा खडू घेतला आणि कागदाच्या उजव्या कडेला समुद्र रंगवायला सुरुवात केली.

"अगं, तिकडे कुठे समुद्र? तो इकडे काढ," मी डावीकडे बोट दाखवलं.

"नो, ममा. द सी इज ऑन द ईस्ट."

"काहीतरीच."

"वी आर ऑन द ईस्ट कोस्ट, ममा. चेक द मॅप." शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा आवाज काढून तिने माझाच फोन माझ्यापुढे धरला.

नकाशावर आमचा निळा ठिपका होता. त्याच्या डावीकडे सगळं पिवळं आणि उजवीकडे, सात किलोमीटरवर, समुद्र.

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. चौदा वर्षं मी या देशात राहते. कॉर्निशवर, समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर, शेकडो संध्याकाळी काढल्यात. पाण्याकडे तोंड करून बसलं की सूर्य पाठीमागच्या इमारतींत मावळतो, हे मी दर वेळी पाहत आलेय. आणि तरीही कुणी विचारलं, की माझ्या तोंडून हर्णैचाच दर्या येतो, कारण लहानपणी तो तिथे होता आणि सूर्य त्यात बुडायचा. अब्बांना इथे येऊन पाच आठवडे झाले होते. त्यांनी मला विचारलं होतं. मी भाकरी थापता थापता सांगितलं होतं.

सकाळचा वारा दर्याचा नव्हताच. तो जमिनीवरचा वारा होता. दर्याचा अजून यायचा होता आणि तो राबावरून थेट घराकडे येणार होता.

मी उठून धुराकडे पाहिलं. धूर सरळ उभा होता. वारा पडला होता.

फुजैलला फोन लावला. वाजत राहिला. मशिदीत तो फोन मुका करतो. अब्बांना लावला, तर तो डब्यांच्या पिशवीतच वाजायला लागला. मी पुन्हा फुजैलला लावला, पुन्हा, पुन्हा. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. इमामांचं प्रवचन, खुतबा, चालू असणार.

पाणी! विहीर कधीचीच कोरडी. बागेत पाणी ठिबकने येतं, बोटभर नळ्यांतून, आणि पंपाच्या खोलीची किल्ली फुजैलच्या खिशात. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची एक मोठी बाटली होती, तीही अर्धी. मी ती उचलून राबाकडे धावले. पोचायच्या आतच कडुनिंबाची पानं एकदम उलटी झाली आणि मागची फिकट बाजू दिसली. वारा माझ्या तोंडावर आला. खारा होता. आता त्याची ओळख पटून काय उपयोग होता?

राबावरची माती पातळ होती, इथली भुसभुशीत माती ती. वाऱ्याने ती भुर्रकन उडाली आणि खाली दबून धुमसणारी एक झावळी फट्कन पेटली. मी बाटली ओतली. अर्धं पेटलेलं विझलं, अर्धं नाही. फावड्याने माती लोटायला लागले. धूर डोळ्यांत, नाकात. एक जळकं पान वर उठलं, माझ्या डोक्यावरून गेलं. मी वळून पाहिलं तर ते संथपणे घराकडे चाललं होतं. ते विहिरीपाशी पडलं. पुढचं त्याच्याही पुढे गेलं.

तिसरं पडवीवर बसलं.

मी फावडं टाकून पळाले. पडवीच्या कडेला नखाएवढा काळा डाग होता, त्यातून धुराची रेघ. मी ओढणीची घडी करून त्यावर हाणली. विझला. मी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणते तोच हनिया ओरडली आणि तिने वर बोट दाखवलं. पडवीच्या मधोमध, माझा हात पोचणार नाही अशा जागी, दुसरा डाग होता आणि तो पसरत होता.

आमच्याकडे छपराला आग लागली की लोक पाण्याची वाट बघत नाहीत. पेटलेलं छप्पर खाली ओढतात आणि बाकीचं घर वाचवतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सात वर्षांची असताना शेजारच्या बेड्याला आग लागली तेव्हा माझ्या बापाला मी ते करताना पाहिलं होतं.

पण ही पडवी होती. म्हातारीच्या उशा हिच्यात मांडल्या होत्या, फुजैलने हिचा एक एक बांध महिनाभर खपून नव्याने बांधला होता. बू सालेमना सगळं जसंच्या तसं हवं होतं. पडवी मी माझ्या हाताने पाडायची म्हणजे फुजैलची नोकरी माझ्या हाताने पाडायची. नाही पाडली, तर पाच मिनिटांत मोठं छप्पर धरणार. मी तिथे उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही, पण उभी राहिले हे खरं. मला कुणीतरी सांगायला हवं होतं आणि सांगणारं कुणी नव्हतं.

मग खजुरावर चढायची शिडी लावली आणि अब्बांचा कोयता घेतला. पडवीचे वासे मोठ्या छपराला दोरांनी जखडले होते, सहा ठिकाणी. पहिला दोर चार घावांत सुटला. दुसऱ्याला हात भाजला. हनिया खाली रडत होती, "ममा, कम डाऊन! प्लीज कम डाऊन!" तिसरा, चौथा. ज्वाळा आता माझ्या चेहऱ्याला लागत होती, भुवया जळाल्याचा वास येत होता. पाचवा सुटल्यावर पडवी कलली आणि शिडी हलली.

"आई, खाली ये ना गं!" हनिया किंचाळली. जन्मल्यापासून तिने मला आई म्हटलं नव्हतं.

सहावा दोर मी तोडला नाही, तो वजनानेच तुटला. पडवी पेटुनियाच्या ताटव्यांवर कोसळली, उशांसकट. मी शिडीवरून उडी मारली आणि पडवीवर माती लोटायला लागले. हनियासुद्धा डब्याच्या झाकणाने माती टाकत होती. शेवटी ज्वाळा बसली. मोठ्या छपराच्या कडेला हातभर काळं झालं होतं, बाकी ते जागच्या जागी होतं. मी खाली बसले आणि हनियाला जवळ ओढलं.

तेवढ्यात गाड्या आल्या. एक नाही, दोन. मशिदीत बू सालेमची आणि फुजैलची गाठ पडली होती आणि त्यांनी म्हटलं होतं, आत्ताच येतो आईला घेऊन.

म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून उतरवलं. तिने बुरख्याच्या फटीतून पडवीच्या जागेकडे बराच वेळ पाहिलं, मग अरबीत मुलाला काहीतरी अगदी हळू म्हणाली. त्यांनी खुर्ची फिरवून तिला पुन्हा गाडीत बसवलं. फुजैल नुसता राबाकडून माझ्याकडे, माझ्याकडून छपराकडे पाहत होता.

बू सालेम परत आले. आवाज चढवला नाही. हिंदीत विचारलं, "आग किसने लगाई?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी अब्बा एक पाऊल पुढे आले आणि शाळेत हजेरी देतात तसा त्यांनी हात वर केला. "हम. हमने लगाया. इन लोगों को मालूम नहीं."

"अब्बा..." मी म्हटलं.

"समीना," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीला पाणी दे."

सगळ्यांना वाटलं, त्यांना खरंच पोरीचं म्हणायचंय. मला कळलं. मी हनियाला घेऊन बाजूला झाले. बोलता येत नव्हतं असं नाही. बोलता येत होतं.

बू सालेम बराच वेळ छपराखाली फिरले. मग फुजैलला म्हणाले, "तुझे वडील माझे पाहुणे, म्हणून मी पोलिसांकडे जात नाही. पण रमजानच्या आत त्यांना गावी पाठव. माझ्या जमिनीवर ते पुन्हा नकोत. तू ईदच्या आत पडवी उभी कर. आई परत येईल. तेव्हा तुझं बघू. खलास."

त्यानंतरचे सहा दिवस मला आठवायला आवडत नाहीत. फुजैल ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गुरुवारचं तिकीट काढलं आणि बापाशी बोलणं बंद केलं. अब्बा रोज सकाळी "अस्सलामु अलैकुम" म्हणायचे आणि तो उत्तर न देता बूट घालून निघून जायचा. सलामाला उत्तर न देणं म्हणजे काय, ते आमच्या घरात लहान पोरालाही कळतं. हाताला पट्टी बांधून मी स्वयंपाकघरातून हे ऐकायची. तीनदा सांगायला गेले, तीनदा भांडी घासून परत आले. मला भीती वाटत होती. नवऱ्याची नाही, त्याच्या नजरेत पुढे जन्मभर जे दिसणार होतं त्याची.

बुधवारी अब्बांनीच विषय काढला. ते भाताचं बी पुन्हा रुमालात बांधत होते.

"मी सांगते त्यांना, अब्बा. दर्याचं मी सांगितलं. लायटर मी दिला."

"नको," ते म्हणाले. "बापावरचा राग दोन महिन्यांत उतरतो. बायकोवर धरला तर? रोज एका ताटात जेवायचं हाय तुम्हाला." रुमालाची गाठ त्यांनी दातांनी आवळली. "आणि तू काय खोटं बोललीस? दर्या मावळतीलाच असतो."

गुरुवारी दुपारी आम्ही विमानतळावर गेलो. शनिवारपासून रोजे. अब्बा पुढे बसले होते, मांडीवर पिशवी, डोक्यावर धुतलेली पांढरी टोपी. फुजैलने दारासमोर गाडी थांबवली आणि इंजिन चालूच ठेवलं. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "उतरव त्यांना," तो मला म्हणाला.

अब्बा उतरले. खिडकीशी वाकून म्हणाले, "फुजैल, अस्सलामु अलैकुम." फुजैलने समोरच्या काचेतून सरळ पाहिलं. अब्बा जरा थांबले. मग रुमालाची गाठ त्यांनी पुढच्या सीटवर ठेवली, हनियाच्या गालाला हात लावला आणि मला "आत येऊ नको, ऊन हाय" असं म्हणून चालू लागले. ऊन वगैरे काही लागत नव्हतं.

मी परत गाडीत बसले. फुजैलने गिअर टाकला.

"थांब," मी म्हटलं. अब्बांसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी नाही. "लायटर मी दिला होता, फुजैल. पिशवीत घालून मीच नेला. आणि आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, दर्या कुठल्या बाजूला. मी म्हटलं, मावळतीला. त्यांनी त्या हिशोबाने आग लावली. ते बरोबर होते. मी चुकीचं सांगितलं."

फुजैल माझ्याकडे वळला नाही. त्याने मान किंचित फिरवली, सूर्य ज्या बाजूला कलला होता तिकडे, आणि तिथेच ठेवली. मला दिसलं, तोही दर्या आधी तिकडेच शोधत होता.

"त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"तू माझ्याशी बोलणं टाकशील म्हणून."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. फुजैलचा चेहरा एकदम आक्रसला. "सहा दिवस," तो म्हणाला. "समीना, सहा दिवस मी त्यांच्या सलामाला उत्तर दिलं नाही."

आणि तो उतरला. दार उघडं, इंजिन चालू, गाडी रांगेच्या मध्ये. त्याने पळत दोन सामानाच्या ढकलगाड्या चुकवल्या आणि काचेच्या दारातून आत गेला. पोलीस शिट्टी वाजवत आला. "यल्ला, सिस्टर, मूव्ह! मूव्ह!" मी हात लांब करून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पोलीस माझ्याकडे पाहतच राहिला.

"पाच मिनिटं," मी त्याला सरळ मराठीत म्हटलं. "सलामाचं उत्तर द्यायचं राहिलंय."

काचेतून आत रांग दिसत होती आणि रांगेत पांढरी टोपी. फुजैल लोकांना बाजूला सारत तिच्यापर्यंत पोचला. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण अब्बा वळले आणि फुजैलने त्यांना मिठी मारली, भर रांगेत, लहान पोरासारखी. त्याच्या खांद्यावरून अब्बांची नजर बाहेर आली, गाडी शोधत, मला शोधत. मी सांगून टाकलंय, हे त्यांना लगेच कळलं.

त्यांनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारून घेतला. मागे पोलीस शिट्टी वाजवत होता. मी आणि हनिया गाडीतून उतरलो आणि आत गेलो.